कॉलेजच्या मुलांना फोनवर नेट हवे का?
(बेलापूर येथे रात्रीच्या वर्गात केलेले भाषण)



गेल्या आठवड्यात आपल्या वर्गात वाचन चालले होते. धडा होता पाणी उकळून पिण्याचा. धडा राहिला बाजूला आणि वाद पेटला भलत्याच गोष्टीवर. एक बाबा म्हणाले, "पोराला बारा हजारांचा फोन घेऊन दिला. कॉलेजात लागतो म्हणाला. आता रात्री दोनला उठून पाहावं तर गोधडीत उजेड! हे कसलं शिक्षण?"

त्यावर मागच्या रांगेतल्या मावशी बोलल्या. त्या म्हणाल्या, "तुमच्या पोराला फोन आहे तरी. माझी पोरगी रोज एसटीनं श्रीरामपूरला कॉलेजात जाते. घरात फोन एकच, तो भावाच्या खिशात. तिच्या शिष्यवृत्तीचा निरोप फोनवर आला. भाऊ गेला होता उसाच्या गाडीवर. चार दिवसांनी घरी आला तेव्हा कळलं. तवर तारीख निघून गेली."

दोघेही खरे बोलत होते. मी त्या दिवशी गप्प बसलो. म्हटले, घाईने बोलू नये. आठ दिवस विचार केला, चार पोरांना विचारले, थोडे वाचले. ते आज तुमच्यापुढे ठेवतो.

आधी नेट म्हणजे काय ते पाहू. नेट म्हणजे जाळे. जगभरची लाखो यंत्रे तारांनी एकमेकांना जोडलेली आहेत. या तारा जमिनीखालून जातात, समुद्राच्या तळातूनही जातात. गावाबाहेर उंच मनोरा दिसतो ना, त्याला टॉवर म्हणतात. त्या टॉवरपासून आपल्या फोनापर्यंत मात्र तार नाही. तेवढे अंतर निरोप हवेतून येतो. पुण्याच्या यंत्रात ठेवलेले पुस्तक अशा रीतीने बेलापूरच्या फोनावर उघडते. जादू काही नाही. टपालाचेच काम, पण पोस्टमन वाऱ्यासारखा.

आपल्या देशात 15 ऑगस्ट 1995 रोजी नेट सामान्य माणसासाठी खुले झाले. त्याच्या पंधरा दिवस आधी, 31 जुलैला, देशातला पहिला मोबाइल फोन लागला. कलकत्त्याहून मुख्यमंत्री ज्योती बसू बोलले आणि दिल्लीत मंत्री सुखराम यांनी ऐकले. तेव्हा एका मिनिटाला 16 रुपयांपर्यंत पडत. दुसऱ्याने केलेला फोन उचलला तरी पैसे पडत! तेव्हा फोन म्हणजे श्रीमंताची चैन. ही चैन गरिबाच्या खिशात आली ती 2016 नंतर. त्या वर्षी सप्टेंबरात जिओ कंपनीची सेवा सुरू झाली, नेटचे भाव कोसळले, आणि बघता बघता गुराख्याच्या हातातही पडदा आला.

आता कोणी म्हणेल, "गुरुजी, आमच्या वेळेला लोक शिकलेच की. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1919 साली रयत शिक्षण संस्था काढली. पोरं बोर्डिंगात राहिली, शेतात राबली, कमवा आणि शिका म्हणून शिकली. साहेब झाली. त्यांच्याकडं कुठं फोन होता?"

बरोबर आहे. पण त्या वेळी पुस्तक होते वाचनालयात. नोटीस लागे फळ्यावर. फॉर्म मिळे कारकुनाकडे. मुलगा पायी गेला तरी ही तिन्ही ठिकाणे गाठू शकत होता. आज काय झाले आहे? फळा, कारकुनाची खिडकी आणि कपाट, तिन्ही उठून फोनात गेली आहेत. कॉलेजच्या प्रवेशाचा अर्ज नेटवर. परीक्षेचा अर्ज नेटवर. परीक्षेला बसायची चिठ्ठी, म्हणजे हॉल तिकीट, तेही नेटवर. निकाल नेटवर. सरकारची शिष्यवृत्ती हवी तर महाडीबीटी नावाच्या सरकारी ठिकाणी नेटवरच अर्ज करावा लागतो. अर्ज करताना फोनवर एक आकडा येतो. तो टाकल्याशिवाय पुढचे पान उघडत नाही.

जुलै 2024 मध्ये महाराष्ट्र सरकारने एक निर्णय केला. ज्या घराचे वर्षाचे उत्पन्न 8 लाखांच्या आत आहे, त्या घरातल्या मागास, इतर मागास आणि आर्थिक दुर्बल वर्गातल्या मुलींना इंजिनिअरिंग, औषधशास्त्र अशा व्यावसायिक शिक्षणाची फी पूर्ण माफ. केवढी मोठी गोष्ट! पण ही माफीसुद्धा अर्जाशिवाय मिळत नाही. तो अर्ज नेटवर आहे. मुलगी हुशार, सरकार द्यायला तयार, आणि मध्ये अडली कोण? तर घरातल्या एकुलत्या फोनाची बॅटरी.

आपल्या गावाला हे नवे नाही. 1878 साली दौंड ते मनमाड आगगाडी सुरू झाली. रूळ बेलापुरातून गेले नाहीत, दोन-अडीच कोसांवरून गेले. स्टेशनाला नाव मात्र आपल्या गावाचे दिले. पुढे पेठ वाढली ती स्टेशनाभोवती. तिचे झाले श्रीरामपूर. बेलापूर जुने, बाजाराचे गाव; पण वाट दुसरीकडून गेली, तसा धंदाही तिकडे गेला. नाव आपले आणि बाजार त्यांचा! म्हाताऱ्या माणसांच्या बोलण्यात ही खंत अजून निघते. नव्या वाटेने जायचे की नाही हे आपल्याला कोणी विचारले नव्हते. आताही कोणी विचारलेले नाही. कचेऱ्या नेटवर गेल्या आहेत, हे झालेले आहे.

यात मला एक गोष्ट खटकते, तीही सांगतो. कॉलेजांनी सगळेच व्हॉट्सॲपच्या गटावर टाकून हात झटकू नयेत. तोच कागद फळ्यावरही लावावा. ज्याच्याकडे फोन नाही, त्याचाही कॉलेजावर तेवढाच हक्क आहे. पालक म्हणून तुम्ही तसे सांगू शकता. अर्ज लिहायला आता तुम्हांला येतो.

माझ्या घरातली गोष्ट सांगतो. सांगायला लाज वाटते, पण सांगतो. माझा धाकटा कॉलेजच्या दुसऱ्या वर्षाला होता. परीक्षा पंधरा दिवसांवर आली आणि हा फोनात डोके घालून बसलेला. मला राग आला. मी फोन काढून घेतला, पेटीत ठेवला, कुलूप लावले, किल्ली जानव्याला बांधतात तशी करगोट्याला बांधली. सात-आठ दिवस घर शांत. पोरगं पुस्तक घेऊन बसले. मी मनात खूश. बायकोला म्हणालो, "बघ, असं सरळ करायचं असतं." मग एका सकाळी त्याचा मित्र मोटारसायकल घेऊन धावत आला. म्हणाला, "अरे, पेपर आज आहे! तारीख बदलली. गटावर चार दिवसांपूर्वीच आलं होतं." पोरगं अंघोळ न करता गाडीवर बसलं. पेपर सुरू होऊन अर्धा तास होत आला तेव्हा पोहोचला. आत घेतले, हे नशीब. पास झाला, पण त्या विषयात जेमतेम. त्याने मला एका शब्दानेही बोल लावला नाही. तेच मला जास्त लागले.

त्या दिवसापासून मी पेटीला कुलूप लावणे सोडले. पण उजेड गोधडीत असतो, ही बाबांची तक्रार खोटी नाही. तिच्याकडे वळू या.

फोन हातातून सुटत का नाही? मुले वाया गेली म्हणून? नाही. फोनवर जी चित्रे आणि गाणी फुकट दिसतात, ती फुकट नसतात. त्यांत मधे मधे जाहिराती असतात. आपण जितका वेळ बघू, तितक्या जाहिराती दिसतात, तितके पैसे त्या कंपनीला मिळतात. म्हणून तिथे शेवट ठेवलेलाच नाही. तमाशा संपतो, सिनेमा संपतो, कीर्तनही आरतीने संपते. हे संपत नाही. एक चित्र सरकले की खालून दुसरे वर येते. आपल्याला काय आवडते ते यंत्र टिपून ठेवते आणि तसलेच पुढे करते. मोठमोठी शिकलेली माणसे यात तासन् तास अडकतात. मग अठरा वर्षांचे पोर अडकले, यात नवल काय? पोराला शिव्या देण्याआधी हे ध्यानात घ्यावे.

दुसरी गोष्ट पैशांच्या खेळांची. पत्ते, रमी, क्रिकेटवर पैसे लावणे, हे सगळे फोनवर आले होते. जिंकल्याच्या जाहिराती दिसत, हरलेले कोणी सांगत नसे. ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने कायदा केला आणि पैसे लावून खेळायच्या अशा खेळांवर बंदी घातली. तरी चोरवाटा असतात. कोणी म्हणाले, "घरी बसून कमवा, आधी पाचशे भरा," तर समजावे की कमावणारा तोच आहे.

आणि पैसे गेलेच, तर लाजून गप्प बसू नये. 1930 हा आकडा पाठ करा. वहीत लिहा, भिंतीवर लिहा. फोनवरून फसवून कोणी पैसे काढले, तर लगेच या नंबरवर फोन करायचा. जितका उशीर, तितके पैसे हाताबाहेर. बँकेतून बोलतो म्हणून कोणी फोनवर आलेला आकडा विचारला, तर सांगायचा नाही. मुलाला नाही, भावाला नाही, बँकेच्या साहेबाला तर मुळीच नाही. खरा साहेब विचारतच नाही.

आता काही गावांनी काय केले ते सांगतो.

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. तिथे ऑगस्ट 2022 पासून संध्याकाळी 7 वाजता देवळावरचा भोंगा वाजू लागला. भोंगा वाजला की घरोघरचे फोन आणि टीव्ही बंद. मुले पुस्तके घेऊन बसायची. साडेआठला दुसरा भोंगा, मग मोकळे. सुरुवातीला गड्यांनी हसण्यावारी नेले. बाया मात्र एकत्र बसल्या आणि म्हणाल्या, आपणही मालिकांना चिकटलेल्या आहोत, आधी आपण बंद करू. मला यातले हेच फार आवडले. बापाने मांडीवर फोन ठेवून पोराला "अभ्यास कर" म्हणायचे, हे चालत नाही. पोरे कानाने शिकत नाहीत, डोळ्याने शिकतात.

यवतमाळ जिल्ह्यात पुसद तालुक्यात बान्सी गाव आहे. तिथल्या ग्रामपंचायतीने त्याच वर्षी, नोव्हेंबरात, दुसरी वाट धरली. 18 वर्षांखालच्या मुलांना फोन बंद, सापडला तर 200 रुपये दंड, असा ठराव केला. तिकडे सातासमुद्रापलीकडे ऑस्ट्रेलियात तर सरकारनेच कायदा केला. डिसेंबर 2025 पासून 16 वर्षांखालच्या मुलांना फेसबुक, इन्स्टाग्रामसारख्या ठिकाणी खाते ठेवता येत नाही. तेव्हा काळजी काही एकट्या बेलापूरच्या बाबांना नाही.

पण नीट बघा. या दोन्ही ठिकाणी गोष्ट लहान मुलांची आहे. आठवी-नववीच्या पोराला फोन नको, हे मी मान्य करीन. कॉलेजचा मुलगा मत देतो. उद्या लग्न करील, नोकरी करील. त्याला शाळेच्या पोरासारखे दाव्याला बांधून कसे चालेल?

हीच गोष्ट केरळच्या न्यायालयात निघाली होती. कोझिकोड जिल्ह्यातली एक मुलगी, नाव फहीमा शिरीन. इंग्रजी विषय घेऊन बी.ए. करत होती आणि मुलींच्या वसतिगृहात राहत होती. वसतिगृहाचा नियम असा की, संध्याकाळी 6 ते रात्री 10 फोन जमा करायचा. ती म्हणाली, मला अभ्यासाला फोन लागतो, मी देणार नाही. तिला वसतिगृहातून काढले. ती उच्च न्यायालयात गेली. न्यायालयाने 19 सप्टेंबर 2019 रोजी निकाल दिला. नेट वापरता येणे हा शिक्षणाच्या हक्काचाच भाग आहे, असे न्यायालय म्हणाले, आणि तिला परत वसतिगृहात घ्यायला सांगितले. निकालात असेही आले की, कॉलेजच्या मुली सज्ञान असतात. कधी आणि कसा अभ्यास करायचा, हे त्यांचे त्यांनी ठरवावे.

निकाल लागला तेव्हा पुष्कळांना तो चोचला वाटला असेल. सहा महिन्यांत सगळ्या देशाला त्याचा अर्थ कळला. मार्च 2020 मध्ये करोनाची साथ आली. शाळा-कॉलेजे बंद झाली. वर्ग फोनवर भरू लागले. ज्याच्या घरी नेट, त्याचे कॉलेज चालू. ज्याच्या घरी नाही, त्याचे बंद. कोकणात कणकवली तालुक्यात दारिस्ते नावाचे गाव आहे. तिथली एक मुलगी मुंबईला गुरांच्या डॉक्टरीचे शिक्षण घेत होती. साथीमुळे घरी अडकली. घरात नेट पकडेना. डोंगरावर एका जागी पकडे. भावांनी तिथे तिला झोपडी बांधून दिली. पावसाळ्याचे दिवस, कोकणातला पाऊस! त्या झोपडीत बसून मुलीने कॉलेजचे तास ऐकले.

भाऊ असावेत तर असे. ज्याच्या खिशात घरातला एकुलता फोन आहे, अशा प्रत्येक भावाला ही गोष्ट सांगा.

आता हिशेबाचे बोलू. धान्य आपण पायलीने मोजत होतो, दूध लिटरने मोजतो, तसे नेट जीबीत मोजतात. एका जीबीत साधारण हजार एमबी. बहुतेक मुले रोज दीड किंवा दोन जीबी मिळतील असे रिचार्ज मारतात. नुसत्या अक्षरांचे दोनशे पानांचे पुस्तक उतरवून घ्यायला पाच-दहा एमबी पुरतात. म्हणजे एका जीबीत शंभर पुस्तके! आणि चित्रपट पाहिला तर? साध्या प्रतीचा घेतला तरी तासाला अर्धा जीबी जातो, स्वच्छ चित्र हवे असेल तर त्याहून जास्त. दीड जीबीत एक तर तीन तासांचा सिनेमा, नाही तर दीडशे पुस्तके.

उगाच पुस्तकांचा आकडा सांगत नाही. वाईला तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशींनी मराठी विश्वकोशाचे काम उभे केले. त्याचे जाडजूड वीस खंड आहेत. कोणत्या गरिबाच्या घरी ते मावणार? आज ते सगळे नेटवर फुकट वाचता येतात. सरकारचे 'स्वयम्' म्हणून ठिकाण आहे, 2017 साली निघाले. मोठमोठ्या कॉलेजांतले प्राध्यापक तिथे शिकवतात, आपण घरी बसून ऐकायचे. ऐकायला पैसे पडत नाहीत. मुलाला एकदा विचारा, "हे उघडून दाखव." त्याला उघडता आले तर शाबासकी द्या. नाही आले तर तुम्हांला समजेल की रोजचा दीड जीबी कुठे जातो.

रोजचे नेट रोज संपवावे लागते. उरले तर बहुतेक वेळा दुसऱ्या दिवशी मिळत नाही. रात्री बाराला नवे सुरू होते. म्हणून पोरे काय करतात? साडेअकराला उरलेले संपवतात आणि बारानंतर नवे चाखून बघतात. बाबा, गोधडीतल्या उजेडाचे एक कारण हे आहे. मला एका पोराने स्वतः सांगितले.

आपण पाटाखालची माणसे आहोत. ही गोष्ट आपल्याला नवी नाही. भंडारदऱ्याचे धरण 1926 साली पुरे झाले. प्रवरेचे पाट आले. कोरडवाहू रानात ऊस उभा राहिला. पाण्याची पाळी आली की रात्री-बेरात्री उठून दारे धरायची. पाळी चुकली तर पीक वाळले. पण मिळते आहे म्हणून पाणी सोडूनच ठेवले, तर काय झाले? कितीतरी रानांत पाणी मुरले, मीठ वर आले, जमिनी चोपण झाल्या. काळ्याभोर रानात कुसळही उगवेना. तेव्हा कोणी म्हणाले का, की पाट बुजवा? नाही. चर खणले. पाणी मोजून द्यायला शिकलो. ज्यांनी शिकून घेतले नाही, त्यांची राने अजून पांढरी आहेत.

मुलाला दारे धरायला आपण शिकवले. आधी बरोबर नेले, कंदील त्याच्या हातात दिला, वाफा भरला की बारे कसे फोडायचे ते दाखवले. पहिल्या रात्री एकट्याला नाही पाठवले. फोन मात्र आपण दुकानातून आणला आणि त्याच्या हातात टाकून मोकळे झालो. कारण आपल्यालाच वाचता येत नव्हते. काय बघतो आहेस, हे विचारायची सोय नव्हती. तो म्हणे, "अभ्यास करतोय," आपण म्हणू, "बरं बाबा."

आता तसे नाही. तुम्ही या वर्गात अक्षरे शिकलात. फोनवरचा मराठी निरोप तुम्हांला लावून लावून का होईना, वाचता येतो. तेव्हा आठवड्यातून एकदा, जेवणे झाल्यावर, मुलाजवळ बसा. भांडायला नाही. म्हणा, "कॉलेजचे निरोप वाचून दाखव. कोणत्या तारखेला काय आहे, ते मी भिंतीवरच्या कॅलेंडरवर लिहितो." आणि तुम्ही लिहा. स्वतःच्या हाताने. परीक्षेची फी, फॉर्मची शेवटची तारीख, शिष्यवृत्ती. माझ्याकडे त्या वर्षी असे कॅलेंडर असते, तर पोराचा पेपर चुकता चुकता राहिला नसता. रात्री सगळ्यांचेच फोन, तुमचासुद्धा, चुलीजवळच्या फळीवर ठेवायचे असे ठरवा. पण तुम्ही ठेवलात तर तो ठेवील.

शेवटी मावशींच्या मुलीकडे येतो. माझ्या मते आजच्या सगळ्या बोलण्यात हीच गोष्ट मोठी आहे.

पोरगा बिघडतो म्हणून आपण ओरडतो, पण फोन त्यालाच देतो. पोरगी बिघडेल म्हणून ओरडतही नाही. तिला देतच नाही. सरकारने 2019 ते 2021 या काळात देशभर घरोघर पाहणी केली. 15 ते 49 वयाच्या 100 बायांमध्ये स्वतः वापरते असा फोन असलेल्या निघाल्या 54. नेट कधी तरी वापरलेल्या बाया 100 मध्ये 33, आणि पुरुष 57. हे आकडे देशाचे आहेत. आपल्या आळीचे तुम्ही मोजा.

लोक म्हणतात, "मुलीच्या हातात फोन दिला की नाव खराब होतं. कोणी फोटो पाठवतं, कोणी धमकी देतं." धोका आहे, मी नाही म्हणत नाही. पण असे काही झाले तर मुलगी घरी सांगेल, की लपवील? ज्या घरात फोन लपूनछपून वापरावा लागतो, तिथे ती लपवणारच. ज्या आईने स्वतः बसून फोन दिला, तिला मुलगी सांगेल. त्रास देणाऱ्याचे निरोप पुसू नयेत. ते पुरावा म्हणून ठेवून पोलिसांत जावे. पोरीचा फोन काढून घेणे म्हणजे चोराला सोडून घरधन्याला कोंडण्यासारखे आहे.

आणि फोन नसला म्हणून मुलीचे काय होते, ते मावशींनी सांगितलेच. एका वर्षाची शिष्यवृत्ती गेली. तेवढ्या पैशांत कितीतरी महिन्यांचा एसटीचा पास आणि पुस्तके आली असती. दुसऱ्या वर्षी बाप म्हणतो, "आता पैसे नाहीत, बस घरी." तिसऱ्या वर्षी स्थळ बघायला लागतात. एका निरोपाने एवढे होते.

प्रत्येक घरात दोन महाग फोन घेणे जमणार नाही, हे मला ठाऊक आहे. काही जुगाड सांगतो. घरातल्या एका फोनावर नेट असले, तर ते दुसऱ्या फोनाला देता येते. त्याला हॉटस्पॉट म्हणतात. कोणतेही पोर दाखवील. त्यामुळे मुलीला जुना, साधा फोन असला तरी चालतो. कॉलेजात नेट फुकट मिळत असेल, तर पुस्तके तिथेच उतरवून आणायची. एकदा उतरली की घरी नेटशिवाय वाचता येतात. शिष्यवृत्तीच्या अर्जात मात्र मुलीचा स्वतःचा नंबर टाका. भावाचा नको, नेटच्या दुकानदाराचा तर अजिबात नको. आणि तिचे बँकेचे खाते आधारला जोडले आहे का, हे तिला घेऊन जाऊन बँकेत विचारा. पुष्कळांचे पैसे तेवढ्यासाठी अडकतात.

मावशींच्या मुलीचे त्या वर्षाचे पैसे काही परत यायचे नाहीत. पण या वर्षाचा अर्ज भरायचा आहे. येत्या रविवारी सकाळी 9 वाजता मी इथेच बसणार आहे. ज्यांची मुले-मुली कॉलेजात आहेत, त्यांनी त्यांना घेऊन यावे. आधार कार्ड, उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, मागच्या वर्षाचे गुणपत्रक आणि बँकेचे पासबुक बरोबर आणावे. माझा धाकटा त्याचा फोन आणि नेट घेऊन येणार आहे. तो अर्ज भरील, पण अर्जात काय लिहिले ते तुम्ही वाचायचे, मगच पुढचे बटण दाबायचे.

मावशी, तुम्ही हात वर केला. बोला.